देशाचा प्रकल्प कसा करावा: मॉरिशसचे लोक, आकडे आणि ताज्या घडामोडी

शाळेत ‘एका देशाची माहिती’ असा प्रकल्प मिळाला की बहुतेक वह्या सारख्याच दिसतात. पहिल्या पानावर झेंडा, मग राजधानी, चलन, राष्ट्रीय पक्षी आणि शेवटी वर्तमानपत्राची दोन कात्रणे. लोकसंख्येचा एक आकडा मध्येच कुठेतरी असतो. तो कोणत्या वर्षाचा, कोणी मोजला, याचा पत्ता नसतो आणि शेवटच्या कात्रणांशी त्याचा काही संबंधही नसतो. माझ्या मते प्रकल्पाचा खरा कस त्या संबंधातच आहे. एखाद्या देशात लोक किती, कोणत्या वयाचे, कोणती भाषा बोलणारे हे कळले की तिथल्या बातम्यांचा अर्थ लागू लागतो. म्हणून आकडे एका वेळी आणि बातम्या दुसऱ्या वेळी असे करू नका. दोन्ही हातात हात घालून शोधा.

हे कसे करायचे ते एका देशावर करून दाखवते. मी मॉरिशस निवडला आहे. देश लहान आहे, त्याचे सरकारी आकडे खुले आहेत, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे. तुमचा देश दुसरा असला तरी पायऱ्या याच राहतील.

आधी प्रश्न, मग माहिती

‘मॉरिशसची माहिती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तरात एक आकडा आणि एक घडामोड दोन्ही लागतील. उदाहरणार्थ: मॉरिशसमध्ये म्हातारी माणसे वाढत आहेत का, आणि त्यावर सरकार काय करते आहे? किंवा: तिथे राहणाऱ्या समाजांची मोजणी कशी होते आणि निवडणुकीशी तिचा काय संबंध?

पहिल्याच दिवशी असे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहा आणि शिक्षकांना दाखवा. एक पक्का झाला की बाकीची माहिती आपोआप गाळली जाते. डोडो पक्षी कितीही आवडला तरी या प्रश्नात त्याला जागा नाही, हे ओळखता येणे फार मोलाचे आहे.

देश म्हणजे नेमका कोणता भूभाग?

हे विचित्र वाटेल, पण लोकसंख्या लिहिण्याआधी हे ठरवावे लागते. मॉरिशस म्हणजे एक मोठे बेट आणि शिवाय काही दूरची बेटे. रॉड्रिग्ज हे बेट मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला आहे. तिथे चाळीस हजारांवर लोक राहतात आणि २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरवर अगालेगा आहे, तिथे जेमतेम तीनशेच्या आसपास वस्ती. सेंट ब्रँडन म्हणजे मासेमारीची बेटे. आणि चागोस द्वीपसमूह, ज्यावरून ब्रिटनशी अनेक वर्षे वाद चालू आहे.

एखादा आकडा फक्त मुख्य बेटाचा असतो, दुसरा सगळ्या प्रजासत्ताकाचा. दोन्ही बरोबर असू शकतात. म्हणून वहीत आकड्याशेजारी ‘मुख्य बेट’ किंवा ‘प्रजासत्ताक’ असे लिहायची सवय लावा. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे आणि प्रजासत्ताकाचे सुमारे २,०४०. घनता काढताना एकाची लोकसंख्या आणि दुसऱ्याचे क्षेत्रफळ घेतले की उत्तर चुकलेच म्हणून समजा.

लोकसंख्येचा आकडा: तीन ठिकाणी तीन

आता खरे काम. मॉरिशसची लोकसंख्या शोधायला बसलात की एका ठिकाणी सुमारे १२ लाख ३५ हजार मिळेल, दुसरीकडे १२ लाख ६० हजार, तिसरीकडे त्याहूनही जास्त. घाबरून यातला एक उचलून बाकीचे विसरू नका. प्रकल्पाचा उत्तम भाग इथेच सुरू होतो.

पहिला आकडा जनगणनेचा आहे. मॉरिशसमध्ये साधारण दर दहा वर्षांनी जनगणना होते. मागची २०११ साली झाली आणि त्यानंतरची कोविडमुळे लांबून २०२२ साली. २०११ मध्ये सुमारे १२ लाख ३७ हजार लोक मोजले गेले, २०२२ मध्ये सुमारे १२ लाख ३५ हजार. म्हणजे अकरा वर्षांत लोकसंख्या जवळजवळ जागच्या जागी राहिली.

दुसरा आकडा अंदाजाचा आहे. जुन्या जनगणनेत दरवर्षीचे जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे, देशात आलेले-गेलेले लोक धरायचे आणि चालू वर्षाचा आकडा काढायचा. परदेशी गेलेले लोक नीट नोंदले गेले नाहीत, किंवा जनगणनेत काही घरे सुटली, तर दोन्ही आकड्यांत फरक पडतो. तिसरा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाचा. जगातल्या सगळ्या देशांची तुलना करता यावी म्हणून ते आपल्या पद्धतीने हिशेब करतात.

मग कोणता घ्यायचा? माझा नियम साधा आहे. एकाच देशाबद्दल बोलायचे असेल तर त्या देशाच्या सांख्यिकी खात्याचा आकडा घ्या. मॉरिशसच्या बाबतीत ते ‘स्टॅटिस्टिक्स मॉरिशस’. चार देशांची तुलना करायची असेल तर चारही आकडे संयुक्त राष्ट्रे किंवा जागतिक बँक अशा एकाच ठिकाणाहून घ्या. आणि एका तक्त्यात दोन ठिकाणचे आकडे कधीही मिसळू नका.

विकिपीडिया वाचू नका असे मी म्हणणार नाही. विषय चटकन समजून घ्यायला ते चांगले आहे. पण आकडा तिथून उचलण्याऐवजी त्या आकड्याला जोडलेली तळटीप उघडा आणि मूळ ठिकाणी जाऊन पाहा. चॅटबॉटला विचारलेत तरी हेच लागू आहे. तो आकडा आत्मविश्वासाने सांगेल, पण मूळ तक्त्यात तो दिसला नाही तर वहीत घेऊ नका.

घनता स्वतः काढा, तयार घेऊ नका. १२,३५,००० भागिले २,०४० म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६०५ माणसे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती. तुलना लिहिताना दोन्ही वर्षे शेजारी लिहा. आपल्याकडची २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळे भारताचा त्यानंतरचा जो आकडा वाचायला मिळतो तो अंदाज असतो.

दोन खड्डे ज्यात बहुतेक मुले पडतात

पहिला दशलक्षाचा. परदेशी तक्त्यांत १.२६ मिलियन असे लिहिलेले असते. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे हे १२ लाख ६० हजार झाले. घाईत त्याचे १ लाख २६ हजार होतात आणि पुढची सगळी गणिते कोसळतात.

दुसरा जास्त फसवा आहे. भारतात लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत मात्र दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असे ते मोजतात. मॉरिशसमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा थोड्या जास्त आहेत, म्हणून तिथला आंतरराष्ट्रीय आकडा शंभरापेक्षा किंचित कमी दिसतो. तो पाहून ‘स्त्रिया कमी आहेत’ असे लिहिले तर अगदी उलटे होईल. रूपांतर सोपे आहे: एक लाखाला त्या आकड्याने भागा, आपल्या पद्धतीचे गुणोत्तर मिळते. ९८ असेल तर सुमारे १,०२०.

वयाचा मनोरा

एकूण लोकसंख्येपेक्षा तिचा आकार जास्त बोलतो. त्यासाठी वयाचा मनोरा काढायचा. शक्यतो आलेखाच्या कागदावर हाताने काढा. संगणकाने दोन सेकंदांत काढून दिलेला मनोरा मुले नीट पाहतच नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाचे पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे तक्ते मिळतात: ० ते ४, ५ ते ९, असे वर शंभरापर्यंत. मॉरिशसची दोन वर्षे निवडा, १९६५ आणि हाताशी असलेले सर्वांत अलीकडचे. प्रत्येक गटातल्या पुरुषांची संख्या देशाच्या एकूण लोकसंख्येने भागून शंभराने गुणा, स्त्रियांचेही तसेच करा. इथे एकूण म्हणजे स्त्री-पुरुष मिळून एकूण. पुरुषांना फक्त पुरुषांच्या बेरजेने भागले तर दोन्ही बाजू फुगतात. मग मध्ये उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, एक टक्क्याला एक सेंटिमीटर. लहान मुले तळाला, वृद्ध वर. दोन्ही वर्षांना प्रमाण एकच ठेवा, नाहीतर तुलना होणार नाही.

१९६५ चा मनोरा तळाशी रुंद आणि वर निमुळता निघेल. अलीकडचा तळाशी आखडलेला आणि मधे पोट सुटलेला. आता ‘असे का झाले’ हे शोधायचे, आणि इथे इतिहास कामाला येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिशसमध्ये हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जन्म मात्र तसेच चालू राहिले. १९६० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहाच्या घरात मुले होत. या छोट्या, उसावर जगणाऱ्या बेटाचे पुढे कसे होणार, अशी चिंता अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या १९६१ च्या अहवालात व्यक्त झाली. याच मीडना पुढे १९७७ साली नोबेल मिळाले. पण घडले वेगळेच. कुटुंबनियोजन पसरले, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, पुढे कापड कारखान्यांत बायकांना काम मिळाले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरासरी साडेतीनच्या खाली आली, आणि आज ती दीडपेक्षाही कमी आहे. लोकसंख्या टिकून राहायला साधारण २.१ लागते. मनोऱ्याचा तळ आखडला तो यामुळे.

धर्म, भाषा आणि मराठी माणसे

मॉरिशसच्या प्रकल्पातला हा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि मला सर्वांत आवडणाराही. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ४८ टक्के लोकांनी हिंदू, ३२ टक्के लोकांनी ख्रिस्ती आणि १८ टक्के लोकांनी मुस्लिम असे उत्तर दिले. घरी मात्र दहातले नऊ जण क्रिओल बोलतात. ही फ्रेंचमधून आणि गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या बोलण्यातून घडलेली भाषा. म्हणजे धर्मावरून भाषा किंवा भाषेवरून मूळ ठरवता येत नाही.

वंशाचे किंवा समाजाचे ताजे टक्के कुठे दिसले तर सावध व्हा. समाजाचा प्रश्न १९७२ च्या जनगणनेनंतर विचारलाच गेलेला नाही. ‘इतके टक्के भारतीय वंशाचे, इतके आफ्रिकी’ असे जे आकडे फिरतात ते तेव्हाच्या मोजणीवर किंवा अंदाजावर उभे आहेत. तसे स्पष्ट लिहून मगच वापरा.

आता मराठी समाज. २ नोव्हेंबर १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर भारतीय मजूर आणायला सुरुवात केली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. बहुतेक मजूर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, काही दक्षिणेतले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी. आज तिथे मराठी मंडळ्यांचा महासंघ आहे, शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

पण ‘मॉरिशसमध्ये मराठी किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ‘घरी कोणती भाषा बोलता’ या प्रश्नावरून पाहिले तर संख्या अगदी लहान दिसते, कारण घरी क्रिओल चालते. जुन्या जनगणनांत ‘पूर्वजांची भाषा’ असाही प्रश्न होता, तिथे ती कितीतरी मोठी दिसते. धर्माच्या रकान्यातही काही जण तमिळ, तेलुगू, मराठी असे लिहितात. माणसे तीच असतात, प्रश्न बदलला की आकडा बदलतो. म्हणून असा आकडा देताना जनगणनेत विचारलेला प्रश्न शब्दशः उतरवून घ्या. परीक्षकांना असे काही वहीत दिसले की त्यांना लगेच कळते की मुलाने मूळ तक्ता पाहिला आहे.

ताज्या घडामोडी कशा शोधायच्या

‘ताजे’ म्हणजे कधीपासूनचे, ते आधी ठरवा. मी मागची दोन वर्षे धरते. मग एक वही तीन रकान्यांत आखा: तारीख, काय घडले, कुठे वाचले. प्रत्येक घटना निदान दोन ठिकाणी वाचल्यावरच वहीत लिहा, आणि त्यातले एक ठिकाण त्या देशातले असू द्या.

हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मॉरिशस येतो तो आपले पंतप्रधान तिथे गेले की, जसे मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय दिनाला गेले तेव्हा, किंवा हिंदी महासागरातल्या तळांची चर्चा निघाली की. तिथल्या माणसांच्या तोंडी मात्र महागाई, पाणी, पेन्शन असते. म्हणून ‘ल एक्सप्रेस’ आणि ‘ल मोरिसियँ’ ही तिथली वर्तमानपत्रे उघडा. ती बहुतांशी फ्रेंचमध्ये आहेत. अडचण नाही: तुमच्या प्रश्नातले चार-पाच शब्द भाषांतराच्या ॲपमधून फ्रेंचमध्ये करून घ्या, त्यांनी शोधा आणि मिळालेली बातमी त्याच ॲपमध्ये वाचा. नावे आणि आकडे मात्र मूळ फ्रेंच मजकुरातून उतरवा, भाषांतरात ते बिघडतात.

बातमी वाचताना पेन्सिलीने दोन खुणा करा: घडलेल्या गोष्टीला एक, कुणाच्या मताला दुसरी. ‘सरकारने वय वाढवले’ ही घटना, ‘सरकारने जनतेचा विश्वासघात केला’ हे मत. मतही वापरता येते, पण ते कोणाचे हे लिहून.

उदाहरणादाखल दोन घडामोडी घेऊ. १० नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली. माजी पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांची सत्ता गेली. ही नुसती बातमी म्हणून लिहिली तर चार ओळींत संपते. पण तिथे निवडून आलेल्या ६२ जणांशिवाय आठपर्यंत जास्तीच्या जागा असतात, कोणताही समाज संसदेत अगदी मागे पडू नये म्हणून. त्या वाटताना समाजांची संख्या अजून १९७२ च्या जनगणनेची धरतात. मागच्या भागातला जुना आकडा आजच्या संसदेत जिवंत आहे, हे इथे लिहायचे.

दुसरी, चागोस. १९६५ साली, स्वातंत्र्याच्या तीन वर्षे आधी, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. दिएगो गार्सियावरच्या लष्करी तळासाठी १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना घराबाहेर काढले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला ही बेटे परत द्यावीत असे मत दिले आणि २२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे आणि दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षे ब्रिटनकडे. पण सही होणे वेगळे आणि करार अमलात येणे वेगळे. चालू असलेल्या विषयाबद्दल ‘अमुक तारखेपर्यंतची माहिती’ असे वर लिहा आणि प्रकल्प देण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहून घ्या.

आकडा आणि बातमी यांची गाठ

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू: म्हातारी माणसे वाढत आहेत का, आणि सरकार काय करते आहे? मॉरिशसमध्ये वयाची ६० वर्षे झाली की गरीब-श्रीमंत न पाहता सर्वांना सरकारी पेन्शन मिळत असे. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने हे वय टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याची घोषणा केली आणि लोक रस्त्यावर उतरले.

आता तुमचा मनोरा या बातमीशेजारी ठेवा. अलीकडच्या मनोऱ्यात ६० च्या वरच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज करा, मग ६५ च्या वरच्या. दोन्हीतला फरक म्हणजे ६० ते ६४ वयाची माणसे; वय पूर्णपणे ६५ वर गेले की पेन्शनसाठी थांबावे लागणारा गट साधारण एवढा असेल. मग १५ ते ५९ वयाच्या लोकांची बेरीज करा आणि एका वृद्धामागे कमावत्या वयाची किती माणसे आहेत ते काढा. हेच १९६५ साठी करा. दोन उत्तरे शेजारी लिहिलीत की सरकार काय म्हणते ते दिसेल. मग दुसरी बाजूही लिहा: ऊसतोडणी किंवा बांधकाम करून साठीला थकलेल्या माणसाला आणखी पाच वर्षे थांबायला सांगणे म्हणजे काय, हे कामगार संघटना का म्हणत होत्या. कोण बरोबर हे तुम्हाला ठरवायचे असेल तर ठरवा, पण आधी दोन्ही बाजू त्यांच्या जोरासकट मांडा.

कागदावर उतरवताना

आठ ते दहा पाने पुरतात. प्रश्न पहिल्या पानावर, नकाशा दुसऱ्यावर (दूरची बेटे चौकटीत वेगळी दाखवून), मग मनोरे समोरासमोरच्या पानांवर. प्रत्येक तक्त्याखाली संस्था, वर्ष आणि तुम्ही तो पाहिल्याची तारीख एका ओळीत लिहा. घोषणेची तारीख आणि बातमी छापल्याची तारीख वेगळी असू शकते, दोन्ही नोंदवा. टक्केवारीला एकच दशांश ठेवा. वाक्ये स्वतःची लिहा. वाचलेले पान बंद करून जे आठवते ते लिहिले की भाषा आपली राहते.

तोंडी परीक्षेसाठी तीन प्रश्नांची तयारी हवीच: हा आकडा जनगणनेचा की अंदाजाचा, तो मुख्य बेटाचा की सगळ्या देशाचा, आणि या बातमीला तिथल्या कोणी विरोध केला. तिन्हींची उत्तरे वही न उघडता घरातल्या कुणाला तरी एकदा सांगून पाहा. जिथे अडखळाल त्या पानाचा मूळ तक्ता किंवा मूळ बातमी पुन्हा काढून वाचा.